८९ अर्ज आणि एकच नाव

डिसेंबर २०१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी उमेदवारी अर्जांचे ८९ संच दाखल झाले, छाननीत ते सगळे वैध ठरले आणि त्या सर्वांवर उमेदवार म्हणून राहुल गांधी यांचेच नाव होते. माघारीची मुदत संपताच, ११ डिसेंबरला, पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मुल्लापल्ली रामचंद्रन यांनी त्यांची निवड बिनविरोध झाल्याचे जाहीर केले.

बिनविरोध निवडीत पक्ष सर्वांत आधी गमावतो ती माहिती, असे माझे ठाम मत आहे. १९९७ मध्ये याच पदाच्या निवडणुकीत सीताराम केसरी यांना ६,२२४, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते पडली; निकाल एकतर्फी असला, तरी नाराजी कुठे आणि किती आहे याचा अंदाज त्यातून बांधता आला. २०१७ च्या ८९ संचांनी असे काहीच सांगितले नाही. पुढे लोकसभेतील पराभवानंतर, जुलै २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राजीनामापत्रात, काही वेळा आपण अगदी एकटे पडलो होतो, असे राहुल गांधींनीच लिहिले, तेव्हा ते सगळे सूचक आणि अनुमोदक कुठे होते, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

मुळात अध्यक्षपदासाठी मत देणारे प्रदेश काँग्रेस समित्यांचे प्रतिनिधी तरी मतदानाने ठरतात का? महाराष्ट्र काँग्रेसचे तेव्हाचे सचिव शहजाद पूनावाला यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. ते पुढे भाजपमध्ये गेले, म्हणून त्या प्रश्नाचे वजन कमी होत नाही. ब्लॉक पातळीवर ‘एकमताने’ नावे पाठवायची आणि प्रदेश समितीने सर्वाधिकार श्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव करायचा, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की अर्ज भरणारा कार्यकर्ताच बंडखोर ठरतो. (भाजपमध्येही अध्यक्षपदासाठी मतदानाची वेळ येऊ दिली जात नाही, नितीन गडकरी, अमित शहा आणि जे. पी. नड्डा हे तिघेही बिनविरोधच आले.)

म्हणूनच ऑक्टोबर २०२२ ची काँग्रेस अध्यक्षपदाची लढत मला मोलाची वाटते. मतपत्रिकेवर पसंतीच्या नावापुढे ‘१’ लिहायचा, असे आधी ठरले होते; त्याने मतदारांचा गोंधळ होईल, अशी तक्रार शशी थरूर यांच्या बाजूने होताच तिथे बरोबरची खूण करण्याचा नियम झाला. उमेदवार दोन होते, म्हणूनच नियमाकडे कोणी इतके बारकाईने पाहिले. मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७ मते मिळवून जिंकले, थरूर यांना १,०७२ मते मिळाली आणि ४१६ मते बाद झाली. आता असेच मतदान ब्लॉक समित्यांमध्ये, प्रतिनिधी निवडतानाच, व्हायला हवे.