दिवा विझवायचे पैसे मी घेत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तसं हे तुम्ही एकट्यानेच विचारलेलं नाही. दहा-पंधरा वर्षांची गाडी माझ्या गॅरेजच्या दारात लावून चावी माझ्या हातात देताना जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो. "भाऊ, ब्रेक तर मस्त लागतात. नुसता एबीएसचा दिवा पेटलाय. त्यासाठी गाडी ठेवून कशाला घेता? आणि पार्ट एकही बदलला नाही, मग पैसे कसले?" काही जण उपायही सोबत आणतात: सेन्सर टाका, नाहीतर फ्यूज काढा, दिवा जाईल.

दिवा जाईल, हे खरं. गाडी काय करेल, ते ऐका.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिच्या मॉड्यूलला, म्हणजे तिच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला, कुठेही काही चुकीचं दिसलं की ते स्वतःला कामातून बाजूला काढतं आणि दिवा लावतं. साधा ब्रेक तसाच राहतो. म्हणून "ब्रेक लागतात" हे तुमचं म्हणणं कोरड्या, सरळ रस्त्यावर बरोबर आहे. पण यातल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांचा दाब आवरणारा जुना यांत्रिक व्हॉल्व्ह ठेवलेलाच नाही. ते काम त्याच मॉड्यूलकडे दिलंय, त्यालाच ईबीडी म्हणतात. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांना पुढच्याइतकाच दाब मिळाला तर ती आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. फ्यूज काढला की एबीएससोबत ईबीडीही जातं. एबीएसच्या पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटतो तो याचसाठी. मग लोक म्हणतात, हँडब्रेकचा स्विच खराब असेल.

आता चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं. स्कॅनर सांगतो, "डावं मागचं चाक, सेन्सर सर्किट." ऐकणारा 'सेन्सर' ऐकतो आणि 'सर्किट' सोडून देतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, चाकाजवळचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, आहे, गालिच्याखालचा दुसरा कपलर आहे, दाराच्या पट्टीखालून गेलेला वायरींचा जुडगा, हार्नेस, आहे आणि शेवटी मॉड्यूलची पिन आहे. कोड फक्त गल्ली सांगतो, घर आपणच शोधायचं. बाजारात मिळणारे, गाडीतले कोड वाचणारे स्वस्त ओबीडी रीडर तर बहुतेक वेळा इंजिनच्या पलीकडे जातच नाहीत. "आमच्या रीडरवर काहीच दाखवत नाही" याला म्हणून काही अर्थ नाही.

मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो. दिवा चावी फिरवल्यापासून पेटलेलाच राहतो, की विझून गाडी हलल्यावर पुन्हा पेटतो? पेटलेलाच राहिला तर बहुधा वायर तुटलेली, सेन्सरची कॉइल गेलेली, रिले, पंप किंवा मॉड्यूल. गाडी हलल्यावर पेटला तर वायर सलग आहे, पण चाकाकडून येणारा सिग्नल नीट नाही: चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी रिंगचा दात गेलाय, रिंगला तडा गेलाय, सेन्सरखाली गंज फुगून त्याचा रिंगपासूनचा गॅप वाढलाय, नाहीतर बेअरिंग बदलताना त्याची चुंबकाची बाजू उलटी बसवलीय. थांबता थांबता, अगदी शेवटच्या दोन-चार फुटांत पेडल पायाखाली थरथरत असेल, तर मी आधी रिंग आणि गॅपच बघतो. जुन्या चुंबक-कॉइलच्या सेन्सरचा सिग्नल कमी वेगात मुळातच बारीक असतो. गॅप वाढला की तो मधेच हरवतो आणि मॉड्यूलला वाटतं, चाक जाम झालं.

असा सेन्सर मीटरवर साधारण एक-दीड किलोओहम दाखवतो. नंतरच्या गाड्यांत आलेला सेन्सर वेगळा. त्याला वीज लागते आणि तो 7 आणि 14 मिलिअँपियरच्या झोक्यांनी बोलतो. त्याला ओहमवर मीटर लावून "गेला" म्हणणं म्हणजे चांगला सेन्सर कचऱ्यात टाकणं. असे सेन्सर लोक पिशवीत घालून मला दाखवायला आणतात.

हे सगळं मी प्रत्येकाला दारातच सांगू शकत नाही. एका गाडीबद्दल मात्र सांगतो. पैशांचा प्रश्न आला की मला तीच आठवते.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा 2009 सालची ती डिझेल गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिनचं काम झालं, सीट आणि गालिचे धुऊन-वाळवून परत बसले, गाडी चालू लागली. गावातल्या कितीतरी गाड्यांचं तेव्हा असंच झालं. गाडीच्या मालकीण काजूचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई. माल घेऊन कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला त्यांचं सारखं जाणं-येणं.

काही महिन्यांनी दिवा लागायला लागला. सकाळी पेटायचा, दुपारी ऊन तापलं की जायचा. ताईंनी गाडी दुसरीकडे दाखवली. सेन्सर बदलला. उन्हाचे दिवस होते, दिवा गेला आणि सगळ्यांना वाटलं झालं काम. परत आला तेव्हा भंगारातलं मॉड्यूल बसवलं. तरीही आला. मग कुणीतरी तो कायमचा घालवून दिला, आणि त्याचे पैसेही त्यांनी आनंदाने दिले.

पुढच्या पावसाळ्यात, घाट उतरताना, एका वळणावर समोर बंद पडलेला ट्रक दिसला. ताईंनी ब्रेक मारला. गाडीची शेपूट फिरली आणि डावी बाजू कठड्यावर आदळली. शेजारी त्यांचे वडील बसले होते. अण्णांचा खांदा मोडला.

माझ्याकडे त्या आल्या ते हेडलाइटच्या वायरिंगसाठी. बॉडीचं काम झालं होतं, रंगही लागला होता. कुठलीही गाडी आली की मी चावी अर्धी फिरवून आधी डॅशबोर्डवरचं मीटर बघतो. एबीएसचा दिवा पेटला. तो काही सेकंदांत आपोआप विझायला हवा होता, तो विझेना. इंजिन चालू केलं आणि तो चार्जिंगच्या दिव्यासोबत, त्याच क्षणी विझला. पुन्हा करून पाहिलं. तसंच. एबीएसच्या दिव्याला अल्टरनेटर चालू झाल्याचं काय देणंघेणं? मी ताईंना म्हणालो, "मला मीटर उघडून बघायचंय."

मीटरमागे एक बारीक तुकडा जोडला होता, चार्जिंगच्या दिव्यावरून एबीएसच्या दिव्यावर. लाल दिव्याकडे जाणारी मॉड्यूलची वायर कापून तिला टेप गुंडाळली होती. फ्यूज बॉक्समधे एबीएसची जागा रिकामी.

ताईंनी ते सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे त्या दिवशी गाडीत एबीएस नव्हतंच?"

"नव्हतं, ताई."

एबीएस असतं तर गाडी थांबलीच असती, असं मी तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. टायर झिजलेले होते, रस्त्यावर पाणी होतं. पण मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरणं, हे रोखायलाच ती यंत्रणा गाडीत बसवलेली होती आणि कुणीतरी ती बंद करून, तिचे दोन्ही दिवे मुके करून गाडी परत दिली होती.

मग मी शोधायला बसलो. फ्यूज घातला, कापलेली वायर जोडली, तुकडा काढला. कोड आला, डावं मागचं चाक. सेन्सर चाकाजवळ मोजला, बरोबर. मॉड्यूलच्या कपलरवरून मोजला, दुपारी बरोबर आणि सकाळी भलताच. वायर आणि बॉडी यांच्यामधे काहीच दिसायला नको, तिथे सकाळी गळती दिसत होती. मागची सीट काढली, दाराची पट्टी काढली, गालिचा उचलला. खाली पुराचा वाळलेला गाळ तसाच होता. त्या गाळात कपलर. उघडला तर पिनांवर हिरवा गंज चढलेला, आणि वायर सोलत गेलो तर वीतभर आत तांबं काळंहिरवं. पाणी वायरीच्या पदरांमधून आत चढत जातं, वरचं प्लास्टिक मात्र नवं दिसतं. रात्रीच्या दमट हवेत त्या पिना एकमेकींशी आणि बॉडीशी बोलायच्या, दुपारी गप्प व्हायच्या. सेन्सर बिचारा पहिल्यापासून चांगलाच होता.

तेवढ्याने भागलं नाही. स्कॅनरवरून पंप चालवून पाहिला तर पंपाचा कोड. मॉड्यूलच्या तारेवर मीटरने बारा व्होल्ट पूर्ण दिसत होते. पण वायरीचा एकच पदर शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. म्हणून मी हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावून बघतो. बल्ब मंद. पंप चालू असताना मॉड्यूलची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात मोजलं तर दोन व्होल्टच्या वर अडकत होते, जिथे एक-दोन दशांश असायला हवेत. अर्थचा बोल्ट काढला. खालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले.

कपलर कापून टाकला, खराब वायर बदलून सोल्डर केली, वर गोंदाची श्रिंक नळी घातली. अर्थची जागा घासून पांढरी केली, नवा बोल्ट, वर ग्रीस. दिवा नियमाप्रमाणे पेटला आणि आपला आपण विझला. मोकळ्या रस्त्यावर नेऊन ओल्या कडेला ब्रेक मारला, पेडलने पायाला हवा तसा धक्का दिला.

ताई म्हणाल्या, "एवढंच होतं?"

हे दोन शब्द मी तोपर्यंत रागावलेल्या गिऱ्हाइकांकडून ऐकले होते. त्या दिवशी ऐकताना मला मान वर करवली नाही. हातभर वायर आणि एक बोल्ट. अण्णांचा हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

बिलावर मी एकच ओळ लिहिली होती, 'दोष शोधणे व दुरुस्ती'. ते घेऊन ताईंचे भाऊ आले आणि चार माणसांत म्हणाले, सामानाचे शंभर रुपये नाहीत, ही लूट आहे. दिवा घालवणाऱ्याला जे पैसे कुरकुर न करता मिळाले, ते मला माझ्या कामाचे मागावे लागले. ताईंनी नंतर स्वतः येऊन दिले. पण तो शब्द मला लागला, आणि हे लिहिण्यामागे तो आहे, हे लपवत नाही.

आता माझ्याच जुन्या मताबद्दल. दुकान नवं होतं तेव्हा मी म्हणायचो की जुन्या गाडीला एबीएसचा एवढा आग्रह कशाला? आपल्याकडे नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून. त्याआधी आपल्या वडिलांनी हेच घाट त्याशिवायच उतरले. मालकाला स्पष्ट सांगून बंद करावं, संपला विषय. या मताला आज माझ्याकडे एक उत्तर आहे. वडिलांच्या त्या गाड्यांत मागचा दाब आवरणारी सोय बहुधा यांत्रिक होती. ईबीडीवर उभी असलेली गाडी ईबीडी काढल्यावर जुन्या गाडीसारखी होत नाही, तिच्याहून वाईट होते.

पण माझ्यातला तो तरुण माणूस गप्प बसत नाही. तो विचारतो, मॉड्यूलच आतून मेलं असेल तर? नवं मिळत नाही, मिळालं तर त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या अंगावर येते. त्याच नंबरचं भंगारातलं मॉड्यूलही तेवढंच जुनं. मी काही उघडून आतले तडे गेलेले टाके पुन्हा सोल्डर करतो. काही टिकतात, काही टिकत नाहीत. ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याला मी "चालवू नकोस" म्हणू का? बिलावर 'एबीएस व ईबीडी बंद' असं लिहून, दोन्ही दिवे पेटते ठेवून गाडी देतो. तेही पुरतं बरोबर नाही, कारण लाल दिवा कायमचा पेटला तर ब्रेक ऑइल कमी झाल्याची सूचनाही त्यातच बुडते. शिवाय पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी नेताना मालक माझ्याच नावाने बोटं मोडतो. या गाड्यांचं काय करावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. दिवे मुके करणार नाही, एवढंच ठरलंय.

तेव्हा गाडी आणाल तेव्हा पावसाआधी आणा. बॅटरी काढून किंवा कोड उडवून आणू नका, त्यातच माझं अर्धं काम साठवलेलं असतं. दिवा कधी पेटतो ते चार दिवस बघून या: चावी फिरवल्यावर की गाडी हलल्यावर, सकाळी की दुपारी, वळताना की खड्ड्यात. बेअरिंग, टायर किंवा सस्पेन्शनचं काम नुकतं झालं असेल तर तेही सांगा. एवढं सांगितलंत तर माझा वेळ आणि तुमचं बिल दोन्ही कमी होतील. गाडी ठेवून मात्र घेईन, आणि शोधण्याचे पैसेही घेईन.