तुम्ही विचारलंत म्हणून: बदकं मोजता की अंदाज ठोकता?

"हजारो बदकं, त्यात हलणारी. मोजणार कशी? ठोकूनच देत असणार आकडा." जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, लावला की कुणी ना कुणी हे बोलतंच. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तरी प्रश्न तोच. तर एकदा नीट सांगतो. मोठ्या थव्याचा आकडा अंदाजच असतो, पण तो ठोकलेला नसतो.

स्कोप २० ते ६० पटीचा असला तरी मोजणी २०-३० वरच करायची. ६० वर एकावेळी पाण्याचा जेमतेम तुकडा दिसतो आणि हवेची थरथरही तेवढीच मोठी होते. सूर्य पाठीशी हवा. थव्याच्या एका कडेपासून सुरुवात, एका फेरीत एकच जात: आधी तलवार बदक, मग पुन्हा कडेला येऊन थापट्या, मग चक्रांग. हातात मोजणीचं बटण, डोळा भिंगावरून हलवायचा नाही, लिहायला दुसरा माणूस. पहिले १० पक्षी एकेक करून मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं. तशा दहा जागा म्हणजे १००. थवा सगळीकडे सारखा दाट नसतो, म्हणून दाट भागात आणि विरळ भागात हे माप वेगवेगळं घ्यावं लागतं. ते न घेता एकच माप सगळीकडे चालवणं, ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक.

आणि चूक बहुतेक वेळा कमी मोजण्याकडे होते. काठावर उभं राहिलं की पुढची रांग मागच्या रांगेला झाकते. मनोऱ्यावरून तोच थवा जवळजवळ वेगळा वाटतो. लालसरी बुडी मारते, म्हणून तिची मोजणी तीनदा करून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. झोपलेल्या पक्ष्याची चोच पाठीच्या पिसांत असते. तलवार, थापट्या, चक्रांग यांच्या माद्या सगळ्या तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या. थापटीची फावड्यासारखी चोचच दिसत नसेल तर काय ओळखणार? तेव्हा शेपटी बघायची: तलवार बदकाच्या मादीची शेपटी टोकदार, चक्रांगाच्या मादीच्या शेपटीशेजारी फिकट रेघ. तेही दिसलं नाही तर 'बदक, जात अनिश्चित' लिहायचं. हे लिहायला लाज वाटते म्हणून लोक ती संख्या जातींत वाटून टाकतात. तसं करू नका.

आता जे मला खरोखर सांगायचंय ते. एका जानेवारीत आमच्या दोन तुकड्या होत्या, एक मनोऱ्यावर, दुसरी बंधाऱ्याकडे. मनोऱ्यासमोर तलवार बदकांचा दाट थवा होता. मोजणी ४३० वर आली आणि दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, गवताच्या बेटावरून खाली उतरत आला. आधी कडेची बदकं माना ताणून उभी राहिली, मग सगळा थवा एकदम उठला. लांब मानांची, टोकदार शेपट्यांची ती रेघ पाण्यावरून वळली आणि बंधाऱ्याच्या बाजूला उतरली. तिथल्या तुकडीने नुकतीच त्या पाण्याची मोजणी सुरू केली होती. त्यांनी आलेली बदकं मोजली, इमानदारीने, एकही न सोडता. संध्याकाळी दोन्ही कागदांची बेरीज झाली. तेच पक्षी दोनदा. ना मनोऱ्यावर वेळ लिहिली होती, ना बंधाऱ्यावर. तोच आकडा पुढे पाठवला गेला. नंतर फोटोंवरच्या वेळा जुळवताना ते लक्षात आलं, तोवर तो आकडा लोकांच्या तोंडी बसला होता. पुढच्या वर्षी खरी संख्या आली तेव्हा तुम्हीच विचारलंत, "बदकं एवढी कमी का झाली?"

ती कमी झाली नव्हती. झाली असती तरी एका वर्षाच्या आकड्यावरून ते म्हणता येत नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या या बंधाऱ्याचं पाणी आवर्तनाप्रमाणे, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या पाळीप्रमाणे, वर-खाली होतं. शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांना उथळ पाणी लागतं. ते खोल झालं की ती दुसऱ्या पाणवठ्यावर जातात. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, म्हणून सगळी बदकं इथेच राहावीत असा काही नियम नाही. म्हणून कागदावर पाण्याची पातळी आणि वेळ नसेल, तर मी आता त्या आकड्याला आकडा मानत नाही.

पूर्वी मीच हट्ट धरायचो की बेरीज शेवटच्या पक्ष्यापर्यंत हवी. १,३७४ लिहिलं की काम चोख वाटायचं. आता १,४०० लिहितो, सोबत 'अंदाजे'. तरी पूर्वीचा मी पूर्णपणे चुकत होतो असंही म्हणवत नाही. एकेक पक्षी मोजायची सवय नसेल तर दहाचं मापसुद्धा डोळ्यांत बसत नाही.

आणि त्या ४३० चं काय करायला हवं होतं? अर्धवट म्हणून खोडायचं, की 'अपूर्ण, थवा उठला' अशी टीप देऊन ठेवायचं? आमच्यातल्या निम्म्यांना खोडणं योग्य वाटतं. मला ठेवणं. यंदा दोन्ही तुकड्या घड्याळं जुळवून एकाच वेळी, सकाळी साडेसातला सुरुवात करणार आहेत आणि थवा उठला की तो कुणीकडे गेला ते फोनवर लगेच कळवणार आहेत.