काकांच्या कानातलं मशीन

कानाला मशीन लावा म्हणून दोन वर्षं बाबांच्या मागे लागले होते. डॉक्टरांचं सांगून झालं, माझे व्हिडिओ दाखवून झाले. "मला सगळं ऐकू येतं," एवढंच उत्तर.

आज त्यांच्यासोबत फिरायला जाणारे काका घरी आले. बोलता बोलता त्यांनी कानातलं मशीन काढून बाबांच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढं. बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "टोचत नाही ना रे?" संध्याकाळी मला म्हणाले, "अपॉइंटमेंट घे."

मला अमेरिकेतल्या आयोवाचे शेतकरी आठवले. मक्याचं संकरित बियाणं तिथे कसं पसरलं, याचा रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. बियाण्याची पहिली खबर अनेकांना विक्रेत्याकडून लागली होती, पण पेरायची हिंमत झाली ती शेजाऱ्याचा अनुभव ऐकून. तीही आधी थोड्याशा रानात, मग दरवर्षी वाढवत. जवळजवळ सगळे वळायला तेराएक वर्षं लागली! त्या मानाने बाबा लवकरच वळले म्हणायचे.

उद्या सकाळीच फोन लावते. काकांनाही सोबत यायची विनंती केलीय, ते हो म्हणालेत.