पाटीवरची नावं आणि मशीद बंदरची वही

नॉर्वेतल्या टॉन्सबर्गला येऊन चार वर्षं झाली, तरी पाऊण तासावरचं स्टाव्हर्न बघायचं राहिलं होतं. या जुलैत गेले. समुद्राकाठी पिरॅमिडसारखी एक इमारत आहे, मिन्नेहालेन. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या नॉर्वेजियन खलाशांसाठी 1926 साली बांधलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात आणखी हजारो नावांची भर पडली.

आत धातूच्या पाट्या आहेत आणि त्यांवर नावं. सेनापतींची नव्हेत. कप्तान आहेत, तसेच इंजिनात तेल घालणारे, भटारखान्यात बटाटे सोलणारे, पहिल्यांदाच घर सोडलेले पोरगेही आहेत. आम्ही गेलो तेव्हा एक आजी पाटीवरच्या एका नावाला बोट लावून नातवाला काहीतरी सांगत होत्या. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. त्यानंही बोट लावलं. मला तिथून हलवेना. मी रत्नागिरीची. माझ्या गावातून चार पिढ्या माणसं बोटीवर गेली, पण आमच्याकडे असं बोट लावायला जागा कुठे आहे?

जेमतेम 30 लाख लोकसंख्येचा नॉर्वे 1940 साली जर्मनीच्या हाती पडला, तेव्हा त्याची सुमारे 1,000 व्यापारी जहाजं जगभर पसरलेली होती. नॉर्वेच्या सरकारनं लंडनमधून ती एका व्यवस्थेखाली आणली, तिचं नाव नॉरट्राशिप. जवळपास निम्मी जहाजं बुडाली. 3,000 हून जास्त खलाशी गेले. सोबत आलेली माझी सहकारी म्हणाली, तिचे आजोबा त्या काळी टँकरवर होते आणि त्याबद्दल घरी कधीच बोलले नाहीत. अशा माणसांना इथं ‘क्रिगसेइलर’ म्हणतात, म्हणजे युद्धखलाशी.

मी मात्र तिथं एका जहाजाच्या विचारात होते. ‘तिरान्ना’. टॉन्सबर्गमध्येच 1861 साली सुरू झालेल्या विल्हेल्मसेन कंपनीचं. यांच्या जहाजांची नावं ‘त’नं सुरू होतात, तालाबोत, तालेरान, तिरान्ना. 10 जून 1940 रोजी, ज्या दिवशी नॉर्वेच्या सैन्यानं मायदेशी शस्त्रं खाली ठेवली, त्याच दिवशी हिंदी महासागरात ‘अटलांटिस’ या जर्मन जहाजानं तिरान्नाला गाठलं. वरून साधं मालवाहू दिसणारं, आत तोफा लपवलेलं जहाज. तिरान्ना मेलबर्नहून मोंबासाकडे चाललेलं, पोटात ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी माल. तीन तास पळालं. तोफांच्या माऱ्यात पाच माणसं गेली, मग कप्तानानं जहाज थांबवलं.

जुलैमध्ये अटलांटिसनं आणखी दोन ब्रिटिश जहाजं पकडली, ‘सिटी ऑफ बगदाद’ आणि ‘केमेंडाइन’. दोन्हींवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येनं होते. केमेंडाइनवर रंगूनला निघालेले प्रवासी होते, त्यांत बायका आणि मुलंही. या साऱ्या कैद्यांना तिरान्नावर चढवलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जर्मनांनी ते जहाज फ्रान्सकडे धाडलं. आफ्रिकेला वळसा घालून, ब्रिटिशांच्या नजरा चुकवत सात आठवडे. 22 सप्टेंबरला जिरोंद नदीच्या मुखाजवळ, किनारा जवळ आलेला असताना ‘ट्यूना’ या ब्रिटिश पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. आत आपलीच माणसं कोंडलेली आहेत हे तिला कळायला मार्ग नव्हता. नॉर्वेचं जहाज, जर्मनांचा ताबा, ब्रिटिश टॉर्पेडो, आणि बुडालेल्यांत सर्वाधिक भारतीय खलाशी.

हे मी सहकारीला सांगितलं. तिनं तिरान्नाचं नाव ऐकलं होतं, भारतीयांचं नव्हतं. मला राग आला, आणि तो तिच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा माणूस आपल्याकडचा असे. मुंबईतून भरती होई तेव्हा डेकवर बरेचदा रत्नागिरीकडचे, भटारखान्यात गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी कमी. 1939 मध्ये लढाई पेटताच आपल्या खलाशांनी पगारासाठी संप केले, तेव्हा अनेकांना तुरुंगात टाकलं. आपण तर स्वतंत्रही नव्हतो. कुणाच्या लढाईत आपण बुडतोय हे विचारायची सोय नव्हती, तर स्मारक कोण बांधणार? असं मी तावातावानं बोलत राहिले.

तिनं शांतपणे ऐकलं, आणि मग जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. युद्धात नॉर्वेजियन खलाशांचा जोखीम भत्ता ब्रिटिशांच्या बरोबरीला आणण्यासाठी कमी केला आणि फरकाचे पैसे एका गुप्त निधीत ठेवले. युद्धानंतर खलाशांनी ते मागितले. मिळाले नाहीत. कोर्टात गेले, 1954 साली सुप्रीम कोर्टातही हरले. संसदेनं पैसे मंजूर केले ते 1972 साली. तोवर कितीतरी जण दारूत आणि एकटेपणात संपले होते. ऐकताना मला वाईट वाटलं आणि थोडं हायसंही वाटलं, हे इथं लिहून टाकते.

पण त्या रात्री झोप लागेना. कारण पाटी आपल्याकडे नाही, हे माझं बोलणं खरं नव्हतं. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या अविभाजित भारताच्या सहा हजारांहून अधिक नौसैनिकांची आणि व्यापारी खलाशांची नावं असलेली स्मरणवही तिथं आहे, तशीच एक चितगावला. मी पाच वर्षं मशीद स्टेशनवरून रोज सीएसटीला गेले. एकदाही उतरले नाही. आणि इथं मी परक्यांच्या पाट्यांसमोर डोळे पुसत उभी होते.

आमच्या घरातूनही एक जण गेलेत, माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. फोटो नाही. आजी एवढंच म्हणायची, “बोटीवर होते, लढाईत गेले.” डिसेंबरात घरी येणार आहे तेव्हा ती वही बघायचीच, असं ठरवून सकाळी बाबांना फोन केला. विचारलं, “बाबा, तात्यांचं पूर्ण नाव काय होतं? बोटीच्या कागदावर काय लिहिलं असेल?”

पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही.

“आम्ही तात्याच म्हणायचो गं,” बाबा म्हणाले. “थांब, गावी काकूला विचारतो. तिला ठाऊक असेल.”

काकू ब्याण्णव वर्षांची आहे. संध्याकाळी परत फोन करते.