सिंह शिकार करत नाहीत

आज तासाला 'एका कोळियाने' घेतली. अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या १९५२ सालच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला हा अनुवाद मला फार जवळचा आहे. गेल्या वर्षी यातल्या म्हाताऱ्या कोळ्याला स्वप्नात सिंह दिसतात ती पानं शिकवताना मी फळ्यावर लिहिलं होतं, 'सिंह म्हणजे सरलेलं तारुण्य'. मुलांनी ते उतरवून घेतलं, परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं, गुणही मिळवले. पेपर तपासताना जीव खट्टू झाला. वाक्य माझं होतं, कादंबरी कुणीच वाचली नव्हती.

म्हणून या वेळी अर्थ विचारलाच नाही. म्हटलं, सिंह जिथे जिथे येतात तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्याच्या मागेपुढे काय चाललंय ते समासात लिहा. एवढंच.

वर्ग बराच वेळ नुसता पानं उलटत होता. मग खुणा जमायला लागल्या. ८४ दिवस एकही मासा न लागलेला म्हातारा झोपतो, तेव्हा स्वप्नात पहिल्यांदा. वादळं, बायका, मोठे मासे, मारामाऱ्या, बायकोसुद्धा, यातलं काहीच आता त्याच्या स्वप्नात येत नाही. उरलेत फक्त काही ठिकाणं आणि किनाऱ्यावरचे सिंह. मग समुद्रात, गळाला लागलेला मासा होडी ओढत नेत असताना म्हाताऱ्याचा डोळा लागतो तेव्हा. आणि अगदी शेवटच्या वाक्यात.

मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, हे सिंह कुठेच शिकार करत नाहीत. मांजरीच्या पिल्लांसारखे खेळतात."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. खरंच की! म्हातारा माशाला मारतो, शार्क त्या माशाचे लचके तोडतात, म्हातारा शार्कना मारतो. एवढ्या मारामारीत कुणाच्या जिवावर न उठलेले फक्त स्वप्नातले सिंह. इतकी वर्षं शिकवतेय, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आशयसूत्र म्हणून मी जिद्द, पराभव, एकटेपणा असे शब्द सांगत आले. ते चुकीचे नाहीत, पण या मुलीच्या हाती जे लागलं ते त्या शब्दांतून कधीच लागलं नसतं.

लगेच दुसऱ्याचा प्रश्न, "पण लेखकाच्या मनात हे होतं का?" अशा वेळी लपवाछपवी करू नये. मी सांगितलं, कादंबरी आली त्याच वर्षी हेमिंग्वेने एका पत्रात लिहिलं होतं की यात प्रतीकं वगैरे काही नाहीत, समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा. वर्ग हिरमुसला. मला मात्र ते पत्र मुलांना आवर्जून सांगावंसं वाटतं. सिंह आधी सिंह म्हणून नीट दिसला पाहिजे, त्याची चाल, त्याचं खेळणं, संध्याकाळचा तो किनारा. त्यावाचून सांगितलेला अर्थ वाऱ्यावरचा. त्या मुलीने नेमकं पाहिलं होतं, म्हणून तिचं म्हणणं पत्रापुढेही टिकलं.

परीक्षेत 'प्रतीक स्पष्ट करा' हा प्रश्न येणारच. त्याची तयारी नंतर करून घेईन, दोन तास पुरतील.

उद्या शीड घ्यायचं आहे. पिठाच्या पोत्यांची ठिगळं लावलेलं, पहिल्याच परिच्छेदात येतं आणि वाचताना सहज निसटतं. तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली आणि विचारून गेली, "मॅडम, ठिगळं पोत्यांचीच का, ते उद्या विचारणार का तुम्ही?"