तुम्ही विचारलंत म्हणून : मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळचा फेरफटका झाला की आम्ही पाच-सहा निवृत्त माणसे थोडा वेळ टेकतो. कोणाच्या तरी मोबाइलवर आदल्या रात्री इतिहासाचा एखादा संदेश आलेला असतो आणि मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे तो माझ्यापुढे धरला जातो. मी चष्मा लावून तो वाचतो आणि बहुतेक वेळा एवढेच विचारतो की, हे कोणी लिहून ठेवले आहे आणि कधी. त्यावर ठरलेले उत्तर येते : "अहो सर, तुम्ही सगळ्यातच शंका काढता. मग तुमचा विश्वास तरी कशावर आहे?" हा प्रश्न मला नात्यातल्या लग्नांत, सोसायटीच्या सभेत आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीतसुद्धा विचारला गेला आहे. या माणसाला आपल्या इतिहासाचा अभिमान आहे की नाही, असा दुसरा प्रश्न त्याच्या आत दडलेला असतो, हेही मला समजते. कट्ट्यावर इतके बोलणे होत नाही, म्हणून येथे लिहितो.

शंका घेण्याची सवय मला कोणा मोठ्या विद्वानामुळे लागलेली नाही; ती माझ्या आजीमुळे लागली, आणि तेही तिच्या इच्छेविरुद्ध. माहीमच्या आमच्या दोन खोल्यांत दिवेलागणीनंतर ती सांगत असे की, आपण इथले मूळचे, बिंबराजाबरोबर आलेलो. राजाने बेटावर नारळी-पोफळी लावल्या, देवळे बांधली, बरोबर आलेल्या कुळांना वतने दिली, आणि त्या कुळांपैकी एक आपले. मी ही गोष्ट शाळेत अभिमानाने सांगत असे. पुढे महाविद्यालयात असताना दादरच्या ग्रंथसंग्रहालयात मला महिकावतीची, म्हणजे माहीमची, बखर सापडली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेले ते पुस्तक मी आमच्या कुळाचे नाव शोधण्यासाठी उघडले, आणि आमचे आडनाव मला तेथे दिसलेही. तो आनंद साधारण दोन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी मी प्रस्तावना वाचली. जिला आपण एक बखर म्हणतो ती प्रत्यक्षात वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या, काही गद्य तर काही पद्य अशा प्रकरणांची जुळणी आहे. तिच्यातला केशवाचार्यांचा जुना भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ सालचा. बखरीतला प्रतापबिंब माहीमला येतो तो शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ साली. घटना आणि तिचे लेखन यांच्यामध्ये ३१० वर्षे आहेत. माझ्या आजीला तिच्या पणजोबांचे नाव सांगता येत नव्हते, आणि येथे दहा-बारा पिढ्यांमागची कुळांची यादी नावानिशी दिलेली होती. शिवाय त्याच परंपरेत दुसरा एक बिंबदेव आहे, तो देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा मुलगा, अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीनंतर कोकणात उतरलेला. ती स्वारी १२९६ सालची आहे. म्हणजे दोन बिंबांमध्येच दीडशे वर्षांहून अधिक अंतर पडते, आणि आजीचा बिंबराजा यांपैकी कोणता हे तिलाही माहीत नव्हते. त्यात भर अशी की उत्तर कोकणात माहीम दोन आहेत, एक आमचे आणि दुसरे पालघरकडचे केळवे-माहीम, आणि जुन्या मजकुरातले माहीम कोणते हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागते.

मग मी निराळ्या बाजूने शोधू लागलो. ११३८ च्या सुमारास उत्तर कोकणात राज्य कोणाचे होते? शिलाहारांचे. हे कोणी तीनशे वर्षांनी आठवून लिहिलेले नाही. त्यांनी त्या त्या वेळी कोरवून घेतलेले शिलालेख आणि दिलेले ताम्रपट ते सांगतात. त्या राज्यात बिंबराजाला कुठे बसवायचे, हा प्रश्न मला तेव्हा सुटला नाही. मी रागाने घरी येऊन आजीला म्हणालो, "तुझी गोष्ट खोटी आहे." ती तांदूळ निवडत होती. "असेल," एवढेच ती म्हणाली आणि निवडत राहिली.

आज मला माझे ते वाक्य चुकीचे वाटते, आणि ते केवळ उद्धटपणाचे होते म्हणून नव्हे. ती बखर ११३८ सालाविषयी कच्चा पुरावा आहे, पण १४४८ सालाविषयी तो पक्का पुरावा आहे. सुलतानी अमलात राहणाऱ्या उत्तर कोकणातल्या लोकांना आपले मूळ सांगणारा एक राजा हवासा वाटत होता, कोणती कुळे स्वतःला मानाची समजत होती, कोणत्या वतनांवर कोण हक्क सांगत होते, हे सारे तिच्यातून दिसते. कागद नेहमी स्वतःच्या काळाविषयी अधिक प्रामाणिकपणे बोलतो आणि ज्या काळाविषयी बोलतो आहे असे तो म्हणतो त्याविषयी कमी, हे मला समजायला आणखी दहा वर्षे लागली. म्हणून कट्ट्यावर मी "हे खरे का?" असे न विचारता "हे कधी लिहिले?" असे विचारतो.

याच प्रश्नाने शिवजयंतीचा वाद कसा हलला ते पाहण्यासारखे आहे, कारण अभिमान आणि पुरावा यांचे वैर असते अशी समजूत त्याने दूर होते. उत्तरकालीन बखरींच्या आधाराने महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला असे दीर्घकाळ मानले जात होते. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोर भागातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात सांभाळलेल्या या नोंदींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी होती. नंतर तंजावरच्या संग्रहातून उजेडात आलेल्या शिवभारतात, म्हणजे महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या काव्यात, तीच तिथी निघाली. एकमेकांची नक्कल नसलेली दोन साधने एकाच दिवसावर येऊन थांबतात तेव्हा त्यांचे वजन दुपटीहून अधिक वाढते. पुढे शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. जाता जाता सांगतो, ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आज आपण वापरतो त्या गणनेने तो दिवस १ मार्च येतो, आणि त्या काळच्या इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे त्यांच्या कागदावर त्या दिवशी १६२९ साल पडले असते. हे ऐकून कट्ट्यावरचे एक गृहस्थ माझ्यावर चार दिवस रुसले होते.

राजवाड्यांनी अस्सल पत्राच्या चिटोऱ्याला अख्ख्या बखरीहून अधिक मान दिला, तो याच कारणाने. मात्र त्यांच्या नंतरच्या आम्हा लोकांना अस्सल कागदाचा भलताच मोह पडला. कागद त्या काळचा असला म्हणजे खरा, असे आम्ही धरून चाललो. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा मुंबईहून गेलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेथे हजर होता आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले. साक्षीदार डोळ्यांनी पाहणारा आहे. पण तो व्यापाराच्या सवलतींचा तह पदरात पाडून घेण्यासाठी गेला होता आणि त्याला संस्कृत मंत्र कळत नव्हते, या दोन्ही गोष्टी वाचताना मनात ठेवाव्या लागतात. सिंहासन, नजराणे आणि मानपान यांविषयी मी त्याचे ऐकेन, विधींच्या अर्थाविषयी ऐकणार नाही. कंपनीच्या वखारींच्या पत्रव्यवहारात तर महाराजांच्या मृत्यूच्या खोट्या वार्ता इतक्यांदा येऊन गेल्या की १६८० साली खरी बातमी आली तेव्हा तिच्यावर चटकन विश्वास बसेना. ती सारी पत्रे अस्सल, समकालीन, तारीखवार. आणि त्यांच्यातल्या बातम्या बाजारगप्पा.

कागद खरा आणि वाचणारा चुकलेला, हाही प्रकार असतो, आणि त्याचा नमुना मी स्वतः आहे. चाळिशीत मी मोडी शिकलो. काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या पुराभिलेखागारात शनिवारी जाऊन बसण्याची मला तेव्हा धुंदी चढली होती. मोडीत शब्द तोडलेले नसतात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, त्यामुळे एक ओळ लागली तरी किल्ला सर केल्यासारखे वाटते. एका परिचितांच्या घरचे एक पत्र मला वाचायला मिळाले. त्यावर छ (म्हणजे चंद्र) २० रमजान आणि सन इसन्ने सितैन मया व अलफ, म्हणजे अरबी शब्दांत ११६२, असा काळ होता. जुन्या मराठी कागदांतल्या या शुहूर नावाच्या सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, असे मी पाठ केले होते. बेरीज आली १७६१, महिना एप्रिल. पानिपत १४ जानेवारी १७६१ चे. पत्रात एके ठिकाणी "चित्त स्वस्थ नाही" असे शब्द होते. माझे डोळे भरून आले. तीन महिन्यांपूर्वीचा तो संहार, घराघरांतले ते सुतक, आणि या साध्या माणसाने तीन शब्दांत मांडलेले दुःख, असा दोन पानी लेख मी एका रात्रीत लिहून काढला.

लेख छापायला देण्यापूर्वी एका जाणत्या मोडी वाचकाला दाखवला म्हणून वाचलो. ते म्हणाले, "सर, मृगसाल विसरलात." शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे मे अखेर-जूनच्या सुमारास बदलतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ५९९ नव्हे, ६०० मिळवावे लागतात. पत्र एप्रिल १७६२ चे होते, पानिपताला सव्वा वर्ष होऊन गेलेले. मग मी ते पुन्हा, या वेळी अश्रू न ढाळता, वाचले. चित्त स्वस्थ नव्हते ते विहिरीच्या वाट्यावरून भावकीत चाललेल्या तंट्यामुळे, आणि तसे पुढच्याच ओळीत स्पष्ट लिहिलेले होते. ती ओळ मी पहिल्या वेळीही वाचली होती. मला पानिपत हवे होते, म्हणून मला विहीर दिसली नाही.

एका वर्षाची चूक ही किरकोळ गोष्ट आहे. पण आपल्याला जे आवडते त्याच बाजूला आपण चुकतो, ही किरकोळ गोष्ट नाही. तेव्हापासून एखादा पुरावा वाचून मला फार आनंद झाला की मी तो दुसऱ्यांदा वाचतो. संदेश वाचून छाती भरून आली तर जास्त तपासा, असे मी कट्ट्यावर सांगतो. ते कोणाला आवडत नाही.

वर्गातही मी निर्दोष नव्हतो. "बॉम्बे हे नाव पोर्तुगीजांच्या बोम बाहिया, म्हणजे चांगला उपसागर, यावरून पडले" असे मी आठ वर्षे फळ्यावर लिहिले. नवव्या वर्षी मूळ गोव्याच्या घरातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की, तिच्या आजीच्या मते पोर्तुगीजमध्ये बाहिया स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे 'बोम' होणार नाही, 'बोआ' होईल. मी कोश पाहिला. आजीचे बरोबर होते. आणि पोर्तुगीज स्वतः तर बोम्बाइम असे लिहीत असत. मुंबई या नावाचा मुंबादेवीशी संबंध मला सयुक्तिक वाटतो, परंतु एक व्युत्पत्ती पडली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही, हेही मी त्या वर्गाला सांगितले. परीक्षेत मात्र तो प्रश्न एका गुणाचाच राहिला. आमच्या एका गुणाच्या प्रश्नांनी मुलांचे जेवढे नुकसान केले तेवढे मोबाइलने केले नसेल, असे माझे मत आहे. आद्य मराठी शिलालेख कोणता? श्रवणबेळगोळ, सन ९८३, गुण एक. तेथली गोमटेश्वराची मूर्ती गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने उभारली त्या काळाची असली तरी पायाशी असलेली "श्रीचावुण्डराजें करवियलें" ही ओळ बाराव्या शतकात, शेजारच्या, होयसळांचा सेनापती गंगराज याच्या ओळीबरोबर कोरली गेली असावी, असे अक्षरांवरून अभ्यासकांनी दाखवले आहे. येथेही तोच प्रश्न : वस्तू कधीची आणि अक्षर कधीचे? तो विचारण्यासाठी प्रश्नपत्रिकेत जागा नव्हती.

तर, विश्वास कशावर. शिलाहार होते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फाल्गुन वद्य तृतीयेवर जवळजवळ तितकाच आहे. ऑक्झिंडनवर त्याच्या डोळ्यांपुरता आहे. प्रतापबिंबाविषयी मी हो किंवा नाही म्हणायला तयार नाही, आणि तसे न म्हणता राहणे आता मला जड जात नाही.

गेल्या वर्षी नातवाला शाळेत प्रकल्प होता, 'माझे कुटुंब मूळचे कोठले?' मी त्याला प्रथम बिंबराजाची गोष्ट सांगितली, आजी सांगत असे तशीच, नारळी-पोफळींसकट. मग कपाटातली पत्र्याची पेटी काढून दिली आणि आपल्याविषयीचा सर्वांत जुना कागद त्यालाच शोधायला लावला. दुपारभर धूळ खाऊन त्याने १९११ सालची एक भाडेपावती काढली. माझ्या आजोबांच्या नावाची, सव्वातीन रुपयांची. आणि खोली माहीमची नव्हे, गिरगावातल्या एका चाळीची. आजीने गिरगावचे नाव कधी काढले नव्हते. नातवाने वहीत लिहिले : "आम्ही माहीमला बिंबराजाबरोबर आलो असे खापरपणजी सांगत असत. १९११ मध्ये आम्ही गिरगावात भाड्याने राहत होतो, त्याची पावती आहे. त्याआधीचे अजून सापडले नाही." खाली बाईंनी लाल शाईने शेरा दिला, "माहिती अपुरी." तो मला विचारायला आला की, आजोबा, अजून कुठे शोधायचे. आम्ही पेटी पुन्हा खाली काढली आहे; तळाशी एक मोडी कागद आहे, आणि त्याचा काळ लावताना मृगसाल विसरायचे नाही, हे मी त्याला आधीच सांगून ठेवले आहे.