काठाची जर आणि कानातली भिकबाळी

सोमवार

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि नवरदेवाच्या पोशाखाची यादी बहुतेक घरांत दागिन्यांपासून लिहिली जाते. आधी साखळी, अंगठी, घड्याळ, बटणं, कापड नंतर. मला हा क्रम पटत नाही. पुरुषाच्या अंगावर धातूचा रंग सगळ्यात जास्त दिसतो तो कापडातच. उपरण्याचे काठ, फेट्याचा सोगा, धोतराची किनार यांच्यापुढे पाच ग्रॅमची अंगठी कुणाच्या नजरेतही भरत नाही. म्हणून आधी जर बघावी आणि दागिन्याचा धातू तिच्या रंगावरून ठरवावा.

सोनेरी म्हणून विकल्या जाणाऱ्या जरीतही निदान तीन छटा असतात: लख्ख पिवळी, तांबूस आणि जुन्या पितळेसारखी काळपट. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी केलेली तार गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा असतो. त्याहून हलक्या जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते. सगळ्यात स्वस्त जर ही धातूचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरच्या पट्टीची. ती आरशासारखी सपाट चमकते, आणि हॉलमधल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली हिरवट दिसायला लागते. पारखायची तर उपरण्याच्या दशांतला एक सुटा धागा काढून जाळावा. पॉलिएस्टर आक्रसून त्याचा टणक मणी होतो. धातूची जर असेल तर आतला धागा जळतो आणि तार मागे उरते. ती तार नखाने खरवडली आणि लाल दिसली, तर ते तांबं.

पिवळ्या जरीवर २२ कॅरेटचं पिवळं सोनं शोभतं. तांबूस जरीवर गुलाबी झाक असलेलं सोनं किंवा तांब्याच्या रंगाची बटणं घ्यावीत. काळपट जरीजवळ लखलखीत सोनं ठेवलं तर जर मळकी वाटते. तिथे काळवलेली चांदी किंवा बिनचमकीचं सोनंच हवं. दागिना काठावर ठेवून एकदा खिडकीच्या उजेडात आणि एकदा पिवळ्या दिव्याखाली बघावा. दोन्हीकडे जुळला तरच घ्यावा. २२ कॅरेटच्या दोन दागिन्यांचा रंगही सारखा नसतो, कारण सोनं ९१.६ टक्के असलं तरी उरलेल्या भागात चांदी जास्त की तांबं, यावर छटा ठरते.

मंगळवार

बटणांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

साखळीची सोन्याची किंवा चांदीची बटणं विकत घेतली जातात आणि कुर्ता मात्र तयार आणला जातो. तयार कुर्त्याच्या एका पट्टीवर बटणं शिवलेली असतात, काजं फक्त दुसऱ्या पट्टीवर. दागिन्याच्या बटणांना दोन्ही पट्ट्यांवर काजं लागतात, कारण बटणाची दांडी दोन्ही थरांतून आरपार जाते आणि मागच्या चकतीने अडकते. तेव्हा कुर्ता शिवायला टाकतानाच शिंप्याला बटणांचा संच दाखवावा. काज किती मोठं ठेवायचं हे मागच्या चकतीवरून ठरतं, पुढच्या नक्षीवरून नाही. काज सैल झालं तर बटण आडवं पडतं आणि नक्षी जमिनीकडे बघते.

दुसरी गोष्ट वजनाची. चार बटणं आणि साखळी मिळून वीस ग्रॅम भरली तरी मऊ रेशमाची पट्टी खाली ओढली जाते आणि गळ्याशी चुणी पडते. बटणपट्टीच्या आत कॅनव्हासचा एक थर घालून घेतला की ती ताठ राहते. मलमलच्या कुर्त्यावर जड संच घालूच नये, कॅनव्हास बाहेरून दिसतो.

तिसरी गोष्ट साखळीच्या लांबीची. दोन काजांमधलं अंतर ७ सेंटिमीटर असेल तर मधली साखळी निदान ८ सेंटिमीटर हवी. बरोबर ७ असली तर उभं असताना छान दिसतं, पण होमासमोर मांडी घालून बसलं की कापड गोळा होतं, साखळी ताणली जाते आणि मधलं बटण सुटतं. हे बटण घरंगळत कुठे जातं ते लग्नाच्या गर्दीत कळत नाही. साखळीची शेवटची कडी कुर्त्याच्या आतल्या बाजूने दोन टाक्यांनी धरून ठेवावी, नंतर उसवता येते.

आणि जाकीट जरतारी असेल तर बटणं साधीच हवीत: चपटी, बिननक्षीची, शक्यतो बिनचमकीची. नक्षीवर नक्षी आली की दोन्ही वाया जातात.

गुरुवार

भिकबाळी. मराठी पुरुषाच्या दागिन्यांत मला सगळ्यात देखणा वाटणारा दागिना हाच. सोन्याची तार, दोन मोती आणि मधे लाल किंवा हिरवा खडा, एवढाच ऐवज. तो कानाच्या पाळीत नाही, वरच्या भागात घालतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. पाळी मऊ असते, टोचल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरच्या भागात कूर्चा असते, तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम पूर्ण बरी व्हायला सहा महिने ते वर्षही लागतं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी कान टोचून घेणं म्हणजे सुजलेल्या कानाने बोहल्यावर उभं राहणं. कूर्चा पिकली तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. लाली, ठणका आणि ताप असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

एवढा वेळ हाताशी नसेल तर प्रेसची, म्हणजे कान न टोचता दाबून बसवायची भिकबाळी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. ती दोन-अडीच ग्रॅमच्या आत असावी. त्याहून जड झाली की घसरते किंवा घट्ट दाबावी लागते आणि तासाभरात कान दुखायला लागतो. आदल्या दिवशी दोन तास घालून बघावी. फेटा बांधणार असाल तर आधी फेटा, मग भिकबाळी. उलट केलं तर फेट्याची घडी मोत्यात अडकते. मोत्यांना अत्तर आणि घाम सोसत नाही, म्हणून अत्तर आधी लावून सुकू द्यावं.

मनगटावरचं घड्याळ? धोतर-उपरण्यावर काढूनच ठेवावं. शेरवानीवर घालायचं असेल तर चामड्याचा पट्टा, म्हणजे दुसरा धातू तेवढाच कमी.

शनिवार

मुलाम्याच्या दागिन्यांना मी नावं ठेवणार नाही, फक्त ते कुठे झिजतात ते माहीत असावं. मुलामा आधी कडांवरून जातो: अंगठीची आतली बाजू, कड्याची टोकं, साखळीचा आकडा. तांब्या-पितळेवरचा मुलामा गेला की घामाशी संयोग होऊन कातडीवर हिरवा डाग पडतो. तो साबणाने निघतो. खाज आणि पुरळ ही वेगळी गोष्ट, ती बहुतेकदा निकेलची. जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी असली तरी धातूत नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण आहे. ज्याला घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली खाज सुटते त्याने जर्मन सिल्व्हरचं कडं घेऊ नये.

९२५ ची चांदी म्हणजे ९२.५ टक्के चांदी, बाकी बहुतेक तांबं. हवेतल्या गंधकयुक्त वायूने ती काळी पडते, दमट हवेत लवकर. साधं चांदीचं कडं उजळायचं तर भांड्याच्या तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल पसरावी, एक लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालावा आणि कडं फॉइलला टेकेल असं ठेवावं. पाचेक मिनिटांत काळेपणा जातो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. मग धुऊन पूर्ण कोरडं करावं. मोती किंवा चिकटवलेले खडे असलेला, मुलाम्याचा किंवा मुद्दाम काळवलेला दागिना यात बुडवू नये. काळवलेल्या चांदीची नक्षी दिसते ती खाचांतल्या काळ्या रंगामुळे, तोच निघून जातो.

चांदी रबर बँडने बांधू नये, रबरातलं गंधक तिला काळं करतं. उपरणं सुती मलमलमध्ये गुंडाळावं, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये, आणि दर तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर तार एकाच रेघेवर तुटत जाते. इस्त्री उलट्या बाजूने, मधे सुती कापड घालून, कमी तापमानावर. पॉलिएस्टरच्या जरीला तर तेवढीही उष्णता जास्त होते; ती गादीखाली रात्रभर दाबून ठेवावी.